दीड सूत कमी

सोमवार, ४ ऑगस्ट

आदरणीय ताईंना,

धाकट्या भावाचा नमस्कार. पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. अकरा वर्षांनी पत्र आलं की माणसाला आधी तीच शंका येते, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

मी तुम्हाला अहो-जाहो करतोय याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्या बहिणीशी अकरा वर्षं बोललो नाही, तिला एकदम अगं-तुगं करणं मला प्रशस्त वाटत नाही.

आणि हे पत्र त्या ब्लाऊजबद्दल नाही, हेही आधीच स्पष्ट करतो. त्याची बाही दंडाला घट्ट झाली, मान्य. पण माणसाचे दंड वाढतात. त्यासाठी भर दुकानात, तीन गिऱ्हाइकं आणि आमच्या काज-बटणवाल्या मावशी कान टवकारून बसलेल्या असताना, "माप घ्यायला गणित लागतं, आणि ते तुझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही," असं म्हणायची काही गरज नव्हती. मी टेप फेकली. ती आरशाला लागली. आरसा फुटला नाही. तुम्ही पायऱ्या उतरून गेलात. झालं. मी तर ते केव्हाच विसरलो.

विषय वेगळा आहे. माझ्याकडे एक गिऱ्हाईक येतं. सज्जन माणूस, कष्टाळू, दिसायलाही बरा. त्याची मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत यंदा गणिताचे नवे सर आलेत. वय कोवळं, मिशी त्याहून कोवळी. या सरांनी एक नवीनच खूळ काढलंय. चाचणीच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेवर वर उजव्या कोपऱ्यात एक चौकट छापलेली असते. पेपर हातात पडला की आधी सगळे प्रश्न वाचायचे, आणि आपल्याला शंभरापैकी किती मिळतील तो आकडा त्या चौकटीत लिहायचा. मगच पहिलं गणित सोडवायला घ्यायचं.

तर या मुलीने चौकटीत शून्य लिहिलं. मिळाले बावीस. आता शाळेचा नियम असा, की सहामाहीत ज्याला चाळिसाच्या खाली मिळतील त्याला दुसऱ्या तुकडीत टाकायचं. तिथे "सोपं गणित" शिकवतात. तिथून आजपर्यंत एकही पोर परत पहिल्या तुकडीत आलेलं नाही, हे मी, म्हणजे त्या गिऱ्हाइकाने, शाळेच्या शिपायाकडून खात्री करून घेतलं आहे. सहामाहीला सात आठवडे उरलेत.

तू पस्तीस वर्षं गणित शिकवलंस. शिकवलंत. तेव्हा त्या बापाने काय करावं, एवढंच दोन ओळींत कळवावं.

आपला,
धाकटा बंधू

ता.क. ते गिऱ्हाईक मीच आहे. ती मुलगी म्हणजे आमची भिंगरी. तू पाहिलीस तेव्हा एक वर्षाची होती आणि तुझा चष्मा चावत होती.


बुधवार, १३ ऑगस्ट

ताई,

अकरा वर्षांनी तुझं उत्तर आलं. पाकीट फोडायला मावशी कात्री घेऊन आल्या, बायको औषधांच्या दुकानातून जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम आली होती, मी हात धुऊन बसलो. आत काय, तर एक ओळ. "पोरीने शून्य का लिहिलं, ते तिलाच विचार." ना मायना, ना खाली सही! अगं, दोन ओळींत कळव म्हटलं होतं, त्यातलीही एक वाचवलीस.

मावशी म्हणाल्या, "ब्लाऊजची बाही जास्तच घट्ट झालेली दिसतेय."

तरी विचारलं. भिंगरी इस्त्रीच्या टेबलावर बसून पाय हलवत होती. म्हटलं, "काय गं, शून्य का लिहिलंस?" तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी स्वतःचंच नाव विचारतोय. म्हणाली, "आपल्या घराण्यात गणित नाही ना. तुम्हीच तर सांगता."

ताई, खरं सांगतो, मी इस्त्री बंद केली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो.

मी सांगतो, हे खरं आहे. दुसरीत तिला गणितात कमी मिळाले, पोर हिरमुसली, मी जवळ घेऊन म्हटलं, जाऊ दे गं, आपल्याकडे गणित नाहीच, मलाही कुठे येत होतं. पोर लगेच हसली. मला वाटलं, वा, काय छान बाप आहोत आपण! मग तिसरीत तेच, चौथीत तेच. पाचवीत तर कमी मार्क मिळाले की ती स्वतःच माझ्या गळ्यात पडून म्हणायची, "बाबा, नाहीच ना आपल्याकडे!" आणि आम्ही दोघं आइस्क्रीम खायला जायचो. वर्षानुवर्षं आम्ही नापास होण्याचं आइस्क्रीम खाल्लंय. बायको दर वेळी ओरडायची. मी म्हणायचो, तुला नाही कळायचं, तू दुसऱ्या घराण्यातली.

पण मला तरी हे कोणी सांगितलं? तूच! मी नऊ वर्षांचा, तू सोळाची. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर सतराचा पाढा. सतरा सक्क मला आलं नाही, तशी तू वही आपटलीस आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलीस, "आई, याचं डोकं गणिताचं नाही, उगाच माझी संध्याकाळ फुकट!" आणि आई काय म्हणाली, आठवतंय? "बरं, राहू दे त्याला." एवढंच. त्या दिवसापासून मला सगळ्यांनी राहू दिलं. ढब्बू हे नाव तूच ठेवलंस आणि ते जाडीमुळे नव्हतं.

भिंगरीने पुढे विचारलं, "पण मग आत्या? ती तर गणिताची बाई होती ना?"

मी म्हटलं, "ती अपवाद."

तर असो. दोष कुणाचा हे ठरलं (तुझा). आता उपाय माझा मी करणार. पोरीचा स्वतःवर विश्वास नाही, एवढीच काय ती अडचण. तो मी बसवतो. उद्यापासून घरात तिच्या गणिताची फक्त तारीफ. सहा आठवड्यांत बघ काय होतं ते.

तुझा भाऊ


रविवार, २४ ऑगस्ट

ताई,

काय झालं ते सांगतो. हसायचं नाही.

मोहीम जोरात सुरू झाली होती. ट्रायल रूमच्या आरशावर मी कागद चिकटवला : "मी गणितात हुशार आहे." तो भिंगरीसाठी होता. पण कपडे घालून बघायला आत गेलेली गिऱ्हाइकं खूश होऊन बाहेर यायला लागली. मावशींना सांगून ठेवलं होतं, की पोर दिसली की म्हणायचं, "आली बाई आमची गणिती!" मावशी काज करता करता म्हणायच्या, पण अशा आवाजात, जणू कुणी वारल्याची बातमी देतायत. मी रोज सकाळी दप्तर तिच्या खांद्यावर चढवताना तीन वेळा म्हणायचो, "तुझ्यासारखं डोकं अख्ख्या शाळेत नाही." बायको म्हणाली, "अहो, तिला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, आधी ते तर बघा." मी म्हटलं, तू मोडता घालू नकोस.

पोरीने मनापासून विश्वास ठेवला. इतका, की वही उघडायची बंद झाली. मी विचारलं, "अभ्यास?" तर म्हणाली, "हुशार आहे ना मी. अभ्यास त्यांना, ज्यांना येत नाही." मलाही ते पटलं! खोटं कशाला बोलू.

गुरुवारी चाचणी झाली. चौकटीत तिने लिहिलं शंभर. मिळाले अकरा.

शुक्रवारी सरांनी मला बोलावलं. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक भिंगरीची पहिली उत्तरपत्रिका, चौकटीत शून्य. दुसरा, शाळा उघडली तेव्हा पालकांकडून भरून घेतलेला फॉर्म. त्यात एक प्रश्न होता, "तुम्हाला स्वतःला गणित किती येतं? दहापैकी." मी तिथे शून्य लिहिलं होतं. नुसतं लिहिलं नव्हतं, शेजारी "वंशपरंपरा" असा शेराही मारला होता, मोठ्या ऐटीत. दोन्ही शून्यं अगदी सारखी होती, वर जरा चपटी.

सर म्हणाले, "हिला काय येतं आणि काय येत नाही, ते हिला स्वतःला कळावं, एवढ्यासाठी ती चौकट आहे. तुम्ही आधी तिला एक खोटा आकडा दिलात, आता दुसरा खोटा दिलात." आवाज मऊ होता, पण जिथे लागायचं तिथे लागलं. निघताना म्हणाले, माझा शर्ट खांद्यावर ओढतो, जरा बघाल का? मी बघितला. उजवा खांदा उतरता आहे त्यांचा.

घरी आलो तर भिंगरी कपाटाआड बसून रडत होती. मागे बावीस मिळाले तेव्हा ती रडली नव्हती, ताई. मी म्हटलं, अगं, अकरा काय नि बावीस काय. तर म्हणाली, "शून्य लिहिलं की जे मिळेल ते जास्तच असतं. शंभर लिहून अकरा मिळाले की सगळा वर्ग बघतो." मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, मी आपणहून दुसऱ्या तुकडीत जाते. मला नका ना आता काही सांगू."

बारा वर्षांची पोर आहे गं. आरशावरचा कागद मी फाडून टाकला. मला काही सुचत नाहीये. मोठी बहीण म्हणून नको, गणिताची बाई म्हणून तरी सांग, आता काय करू?

ढब्बू


शुक्रवार, ५ सप्टेंबर

ताई,

या खेपेला अख्खं पान लिहिलंस! मावशींनी पान उलटून पाहिलं, मागेही आहे का म्हणून.

तू लिहिलंस, "तिला तारीफ देऊ नकोस, काम दे. असं काम, की चुकलं तर तिचं तिला दिसेल आणि जमलं तरी तिचं तिलाच दिसेल. तू मध्ये बोलू नकोस." शेवटच्या वाक्याखाली तांबड्या शाईच्या दोन रेघा. पण मी ऐकलं. काम समजावून दिलं की तोंडात टाचण्या धरून बसलो, म्हणजे बोलताच येऊ नये.

काम दिलं ते असं. भिंगरीला कधीपासून पूर्ण घेराचा स्कर्ट हवा होता, गिरकी घेतली की उघडतो तसा. म्हटलं, तुझा तूच बेत. सरावाला घरातली जुनी चादर घे. रीत सांगितली : कापडाची चौघडी घालायची, बंद कोपरा धरायचा, तिथून कमरेच्या सहाव्या भागाएवढी टेप धरून पाव गोल आखायचा, की कमरेचं भोक तयार. तिची कंबर चोवीस. सहावा भाग चार. "चार इंच, पण थोडं कमी धर," मी म्हटलं.

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं गं. हाताला कळतं."

"तुमच्या हाताला कळत असेल. माझ्या नाही कळत." आणि खडू खाली ठेवून आत गेली. मला वाटलं, संपलं. तर गणिताचं पुस्तक घेऊन बाहेर आली. वर्तुळाच्या परिघाचा धडा सरांनी नुकताच शिकवला होता. टेबलावर पालथी पडून तिने काहीतरी मांडलं, भागाकार केला, टेप धरली, आखलं, कात्री चालवली. मी टाचण्या धरून गप्प. मला दिसत होतं चुकतंय ते. ताई, तोंड बंद ठेवणं इतकं अवघड असतं? तुम्ही शिक्षक लोक हे पस्तीस वर्षं कसं करता?

चादर उलगडली. त्या भोकात भिंगरी शिरली, शेजारी जागा उरली म्हणून बायकोला बोलावलं, तीही मावली. दोघी मायलेकी एकाच स्कर्टमध्ये उभ्या. मावशी हसून हसून स्टुलावरून घसरल्या. आणि हिला तेव्हा कळलं, की पोरीने जुनी चादर नव्हे, परवाच आणलेली नवी उचलली होती. त्यावर जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पण मजा पुढे आहे. मी भिंगरीकडे बघत होतो, आता रडते की मग. ती रडली नाही. स्कर्टच्या आत उभी राहून बोटांवर मोजत होती. मग एकदम ओरडली, "थांबा! मी व्यास धरला! त्रिज्या धरायची होती, अर्धी!" कुणी सांगितलं नव्हतं. आई तावातावाने चादरीबद्दल बोलतेय आणि पोर वहीत खोडून पुन्हा मांडतेय.

दुसरी चादर (जुनी, या वेळी मी स्वतः खात्री केली). तिने कमरेला सातने गुणलं, चव्वेचाळीसने भागलं. तीन पूर्णांक ब्याऐंशी आलं. म्हणाली, "बाबा, चारातून किती कमी झालं?" मी टाचण्यांतूनच पुटपुटलो, ते दशांश-बिशांश माझ्याकडे नको, सुतात सांग. आमच्या धंद्यात इंचाचे आठ भाग करतात, एक भाग म्हणजे एक सूत. तिने केलं. म्हणाली, "जवळजवळ दीड सूत."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुम्ही आखून दाखवा. तुमचं थोडं किती असतं ते बघू." मी टाचण्या काढल्या, रोज आखतो तसं आखलं. तिने टेप लावली. चार इंच, दीड सूत कमी. ती म्हणाली, मोठ्या बायकांचं? मी छत्तीस कमरेचं आखलं. तिने पुन्हा मांडलं, पुन्हा टेप लावली. सहा इंच, दोन सूत कमी. वहीतही तेवढंच, वर एक केस काय तो.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही अठ्ठावीस वर्षं गणितच करताय की!"

मी ट्रायल रूममध्ये जाऊन पडदा ओढून घेतला. डोळ्यात धागा गेला होता. मावशींनी बाहेरून विचारलं, "दोन्ही डोळ्यांत?"

स्कर्ट झकास बसलाय. अख्ख्या गल्लीत गिरक्या घेऊन झाल्या.

ढब्बू


मंगळवार, १६ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा दुकानात, एकदा घरी आणि एकदा उगाच.

"तुला गणित येत नव्हतं असं नाही रे. मला शिकवता येत नव्हतं. मी सोळा वर्षांची होते, मैत्रिणी खाली हाका मारत होत्या, मला सुटका हवी होती. तुझ्या डोक्याला नावं ठेवली की सुटका होत होती. पुढे पस्तीस वर्षं कुठल्याच पोराला मी तसं बोलले नाही. पण तुला परत येऊन कधी सांगितलं नाही, ते राहून गेलं."

राहून गेलं म्हणे! बेचाळीस वर्षं राहून गेलं! ताई, मला आधी भयंकर राग आला. वाटलं, उठावं, गाडी पकडावी आणि तुझ्या दारात उभं राहून सतराचा पाढा म्हणून दाखवावा. मग लक्षात आलं, की मी तरी काय केलं? आई म्हणाली राहू दे, आणि मी राहिलो. सुटका मलाही होत होती. शून्य लिहून ठेवलं की कुणी काही विचारत नाही. आणि मग तेच मी पोरीच्या हातात दिलं, वर आइस्क्रीम.

तू इतकं खरं बोललीस, तर आता मीही बोलतो. ते ब्लाऊज.

तुझे दंड वाढले नव्हते. परवा मी माळ्यावरून त्या वर्षीची मापांची वही काढली. तुझं पान निघालं. दंडघेर बारा, माझ्याच अक्षरात, अगदी बरोबर. आणि मी कापलं अकराच्या हिशेबाने. खरं म्हणजे वही काढायची गरज नव्हती, मला त्याच दिवशी माहीत होतं. तू गेल्यावर मी बाही मोजली होती. अकरा वर्षं तुझ्या दंडांना नावं ठेवली, सगळ्या नातेवाइकांत.

आणि कसं चुकलं सांगू? मी त्याआधी हजारो बाह्या कापल्या होत्या. पण तू माझ्या कापायच्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस, चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "हं, बघू कसं करतोस." बस्स. मी नऊ वर्षांचा झालो. समोर सतराचा पाढा. हातात खडू होता की पेन्सिल, तेही कळेना. बारात शिवणीसाठी एक इंच माया मिळवायची, ती मी वजा केली. दुसऱ्या कुणाचीही बाही माझ्या हातून कधी चुकलेली नाही गं, फक्त तुझीच.

हे लिहून झालं. आता हलकं वाटतंय.

भिंगरीचं म्हणशील तर सहामाही आठ दिवसांवर आलीय. पोर एकदम गणिती झाली असं काही समजू नकोस. अपूर्णांकांच्या बेरजेत अजून घोटाळा करते, समीकरण दिसलं की पाणी प्यायला उठते. पण तिने दोन याद्या केल्यात : "येतं" आणि "अजून येत नाही." दुसरी लांबच लांब आहे. दर दोन-तीन दिवसांनी तिथली एखादी ओळ खोडून पहिल्या यादीत नेते, आणि एकदा तर पहिल्यातली दुसऱ्यात परत आणली. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, "उगाच कशाला खोटं?" माझ्याकडे बघून म्हणाली, बरं का.

मी घाबरलोय. ती नाही. हे उलटं कधी झालं ते कळलं नाही.

तुझा ढब्बू


शुक्रवार, ३ ऑक्टोबर
[ अंदाज : ९ ]

ताई,

वरची चौकट आत्ता बघू नकोस, शेवटी सांगतो.

काल संध्याकाळी सर दुकानात आले. मला वाटलं, शर्टासाठी. भिंगरी आत मावशींना दोरा ओवून देत होती, ती पटकन पडद्यामागे गेली. सरांच्या हातात तिचा सहामाहीचा पेपर. चेहरा गंभीर. ते म्हणाले, "मला एक विचारायचंय. तुमच्या मुलीने चौकटीत जे लिहिलंय, ते मला कळलेलं नाही. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना विचारलं, कुणालाच कळेना."

पेपर पुढे केला. चौकटीत भिंगरीच्या अक्षरात : "४२, दीड सूत कमी."

मी बघितलं. हसू की काय करू ते सुचेना. मग त्यांना सगळं सांगितलं. चौघडी, सहावा भाग, हाताला कळणारं थोडं, चादर, एका स्कर्टात दोघी. ते ऐकत होते. नंतर म्हणाले, "चौकटीत आकडा लिहायचा असतो, मापं नाही, हे तिला सांगा." आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले.

मी म्हटलं, "सर, पण मार्क?"

त्यांनी पान उलटलं. साडेएक्केचाळीस.

ताई, साडेएक्केचाळीस! चाळिसाच्या वर दीड! जगात यापेक्षा जास्त मार्क मिळवणारी लाखो पोरं असतील, मला माहीत आहे. त्यांना शंभर मिळोत. सर म्हणाले, "वर्गात अठ्ठ्याहत्तर-ऐंशीवाले आहेत. पण स्वतःचा अंदाज इतका अचूक कुणाचाच नाही. हिला काय येतं ते हिला नेमकं माहीत आहे. आता पुढचं मी शिकवू शकतो." ती पहिल्या तुकडीतच राहतेय. मावशींनी तिथल्या तिथे सरांच्या शर्टाचं सुटत आलेलं बटण लावून दिलं, न मागता. मी खांदा नीट करून देणार आहे.

भिंगरी पडद्यामागून बाहेर आली. मी म्हटलं, "चल, आइस्क्रीम." तर म्हणाली, "आधी हे बघू द्या," आणि जे साडेअठ्ठावन्न गेले ते कुठे गेले, ते उभ्या उभ्या शोधायला लागली. शेवटी बायकोने येऊन बखोटं धरून नेली.

त्याआधी, निघताना सरांनी पालकांचा तो फॉर्म कोरा काढून दिला. म्हणाले, पुन्हा भरा. तुम्हाला स्वतःला गणित किती येतं, दहापैकी. मी सहा लिहिलं. भिंगरी म्हणाली, सात लिहा. मी म्हटलं, उगाच तारीफ नको.

आता कामाचं. आज मी तुझ्यासाठी ब्लाऊज बेतलंय. दंडघेर बारा, अकरा वर्षांपूर्वीच्या वहीतला. भिंगरीने माप वाचलं, मी कापलं, या वेळी मिळवायचं ते मिळवलं. शिवणीत दोन्हीकडे माया सोडली आहे, म्हणजे दंड खरंच वाढले असतील तर उसवून घेता येईल. पण ते पोस्टाने पाठवणार नाही. गिऱ्हाइकाने घालून दाखवल्याशिवाय मी माल देत नाही, हा दुकानाचा नियम आहे. (आजपासून.) तू इथे यायचं. माझ्या टेबलापाशी उभं राहायचं, चष्मा पुसायचा आणि हवं ते बोलायचं. मला बघायचंय, माझा हात आता स्थिर राहतो का ते.

भिंगरी म्हणते, आत्याला समीकरणं घेऊन यायला सांगा.

आता वर बघ. ताई येईल का, त्याचा अंदाज, दहापैकी. आधी मी शून्यच लिहायला घेतलं होतं. म्हटलं, नाही आलीस तर लागणार नाही, आलीस तर सगळा नफाच. भिंगरी मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "बाबा, ते माझं जुनं शून्य आहे. परत द्या."

म्हणून खरा आकडा लिहिलाय. दहा लिहायची हिंमत झाली नाही, शंभर लिहिणाऱ्यांचं काय होतं ते या घराने बघितलंय. पण नऊ लिहिलंय, ताई, आणि खोडलेलं नाही.

माझा अंदाज चुकवू नकोस.

तुझाच,
ढब्बू
(सतरा सक्क एकशे दोन. कुणी विचारलं नाही, तरी.)